तिसऱ्या खांबावरचं वजन

जॅकवाला त्या दुपारी घरून निघाला तो एक गेज आणायला. बायकोनं पिशवी हातात दिली आणि येताना साबण आणा म्हणून सांगितलं. इतकं साधं काम होतं ते.

"गेज म्हणजे काय हो काका?" पुतणीनं मध्येच विचारलं.

"सांगतो. तुला सगळं आधीच पाहिजे असतं, परीक्षेच्या पेपरासारखं."

वीज जाऊन तास झाला होता. मधल्या खोलीत चटई टाकून सगळे बसले होते. थोरले काका भिंतीला टेकलेले, समोर पुतणी आणि तिचा भाऊ, आणि दाराजवळ काकांची सून, दोन वर्षांच्या लेकीला खांद्यावर थोपटत. पोर काही केल्या झोपत नव्हती. पुतण्याला पुलांच्या दुरुस्तीच्या कामावर नोकरी लागली होती आणि उद्या त्याची पहिली रात्रपाळी होती. त्यानंच विषय काढला होता, "काका, तुम्ही तीस वर्षं पुलांवर मुकादमी केलीत. कधी काही दिसलं का?"

"मला कशाला दिसायचं?" काका म्हणाले होते. "पण ओळखीतल्या एकाचं सांगतो. फार जुनं नाही, दोन वर्षांपूर्वीचं. खोटं वाटलं तर माझा कान धर."

तर गेज. पूल काही खांबावर थेट टेकवलेला नसतो. खांबाच्या डोक्यावर रबराच्या जाड उशा असतात, आत पोलादाचे पत्रे घातलेल्या. त्यांना बेअरिंग म्हणतात. वरून गाडी गेली की पूल दबतो, उन्हात लांबतो, थंडीत आखडतो, आणि तो सगळा त्रास त्या उशा मुकाट्यानं सोसतात. पण किती वर्षं सोसतील? पंचवीस-तीस वर्षांत त्या चपट्या होतात, रबर चिरफाळतं, आतला पत्रा गंजून बाहेर डोकावायला लागतो. मग त्या बदलायच्या. त्यासाठी अख्खा पूल उचलावा लागतो. उचलायचा म्हणजे किती? करंगळीच्या नखाएवढा. बारा मिलिमीटर. पण वर शेकडो टन असतात. खांबाच्या डोक्यावर ओळीनं आठ जॅक मांडायचे, एका पंपानं त्यांच्यात तेल भरायचं, आणि पंपावरच्या गेजचा काटा बघत बसायचं. काटा सांगतो, डोक्यावर वजन किती आहे ते. वरून मोटारसायकल गेली तर काटा ढिम्म हलत नाही. भरलेली गाडी आली तर हलतो.

हे काम करणारा तो जॅकवाला. माणूस अबोल. काट्यावर त्याचा जितका विश्वास होता तितका बायकोवरही नव्हता.

"हे बायकोला माहीत होतं का?" सुनेनं विचारलं.

"तिनंच तर सांगितलं मला."

सगळे हसले. काकाही हसले. मग त्यांनी पाय जवळ ओढून घेतले.

तो पूल नदीवरचा. सहा खांब, सात गाळे. रात्री साडेअकराला दोन्ही टोकांना अडथळे लावून बंद करायचा आणि पहाटे चारला उघडून द्यायचा, कारण चारला दुधाच्या गाड्या येतात. एका रात्रीत एक खांब. मंगळवारी पहिला खांब घेतला. पूल उचलून धरलेला होता, खाली दोघंतिघं मचाणावर बसून काम करत होते, जॅकवाला पंपाशी. बरोबर दोन वाजून एकेचाळीस मिनिटांनी काटा हलला. हळूहळू चढला. जरा थांबला. मग हळूहळू उतरला. लांबून गाडी यावी, डोक्यावरून जावी, पुढे निघून जावी, अगदी तसा. दहा-बारा टनांची गाडी.

जॅकवाला शिडीवरून तडक वर गेला आणि टोकाच्या वॉचमनला त्यानं धारेवर धरलं.

"कुणाला सोडलंस रे?"

"कुणाला सोडणार? कुत्रंसुद्धा गेलं नाही इकडून."

"मग काटा काय तुझ्या खोकल्यानं हलला?"

वॉचमननं लेकराची शपथ घेतली. शेवटी जॅकवाला म्हणाला, गेज बिघडलं असेल.

बुधवारी दुसरा खांब. अडीच वाजून गेल्यावर जॅकवाल्यानं मुकादमाला पंपाशी बसवलं आणि स्वतः वर जाऊन पुलाच्या मधोमध उभा राहिला. पूल रिकामा. या टोकाला वॉचमनची शेकोटी, त्या टोकाला अंधार. वारा नव्हता. पुलाचे दोन गाळे जिथे जुळतात तिथे रस्त्यात लोखंडी पट्टी असते बघा, गाडी गेली की वाजते? ती पट्टी वाजली.

खट्.

आणि जरा थांबून पुन्हा. खट्.

आधी पुढची चाकं, मग मागची. इंजिनाचा आवाज नाही. दिवा नाही. काही नाही. जॅकवाला खाली आला. मुकादमाकडे बघितलं.

"चढला?"

"चढला. उतरला."

दोघांनी बिड्या पेटवल्या आणि तशाच विझू दिल्या.

त्याच रात्री आणखी एक गंमत झाली. कामावर एक तरणा साहेब होता. सारखा घड्याळ बघायचा म्हणून पोरं त्याला घड्याळसाहेब म्हणत. पूल उचलला की त्या पट्टीशी नखाएवढा उंचवटा होतो. साहेब घड्याळ बघत बघत चालला आणि त्या उंचवट्याला ठेचकाळून सपशेल आडवा झाला. हसायची तर सोय नव्हती. उठून कपडे झटकत म्हणाला, "उद्यापासून इथे लाल दिवा ठेवत जा. माणसं मरतील." मुकादम "हो साहेब" म्हणाला.

तर गुरुवारी दुपारी जॅकवाला नवीन गेज आणायला निघाला. तारीख तेवीस नोव्हेंबर. दुकान जुनं, दुकानदार त्याहून जुना. चष्मा कपाळावर चढवून चष्माच शोधत बसणारा.

"जुन्याला काय झालं?"

"रात्री पावणेतीनच्या सुमारास चुकीचं दाखवतं."

"रोज?"

"दोन रात्री झाल्या."

दुकानदार गेज कागदात गुंडाळत होता. त्याचे हात थांबले. "कुठला पूल?"

जॅकवाल्यानं सांगितलं.

"तिसरा खांब झाला का?"

"आज आहे. का हो?"

म्हाताऱ्यानं दोरा गुंडाळला, गाठ मारली, सोडली, पुन्हा मारली. "पूर्वी रात्रीची एक बस जायची तिकडून. शेवटची. तिसऱ्या खांबाच्या पुढे कठड्याचा..." एवढं बोलून तो थांबला. गेज पुढे केलं. "जुनं टाकून देऊ नकोस. बिघडलेलं नसेल ते."

जॅकवाला घरी न जाता आधी पुलावर गेला. तिसऱ्या खांबाच्या पुढे डाव्या हाताला कठड्याचा बारा-तेरा फुटांचा तुकडा वेगळ्या रंगाचा होता. बाकीचा कठडा काळपट पडलेला, आणि तेवढाच नवा. दात पडून तिथे नवीन बसवावा तसा.

घरी गेला तर साबण विसरलेला. बायकोनं कपाळावर हात मारला. "एवढं एक काम सांगितलं होतं!" मग जेवायला वाढताना तिनं हळूच विचारलं, "आज खाली कोण जाणार आहे?"

"तुझा भाऊ. दुसऱ्या कुणाचा हात पोचत नाही."

जॅकवाल्याचा मेहुणा त्याच टोळीत फिटर होता. हात असे लांब, की उभा राहिला तर गुडघे खाजवता यायचे. पोरं त्याला लंबू म्हणायची. देवानं हात मापायला घेतला आणि मध्येच चहा प्यायला निघून गेला, असं मुकादम म्हणायचा. त्याच्या घरी वीस दिवसांची मुलगी होती.

"त्याच्याकडे लक्ष ठेवा," बायको म्हणाली. "बाळाला अजून नीट घेतासुद्धा येत नाही त्याला. म्हणतो, माझ्या हातातून निसटेल."

"मी पंपाशी असतो. मी असताना काय होतंय?" जॅकवाला म्हणाला.

काका थांबले. पाण्याचा तांब्या उचलून दोन घोट प्यायले.

"असं कधी बोलू नये," ते पुतण्याला म्हणाले. "कामावर असं कधी बोलू नये."

मग पुढे सांगू लागले.

रात्री साडेअकराला पूल बंद झाला. जॅक मांडले. जॅकवाला घड्याळसाहेबाकडे गेला. साहेब गाडीत बसून कागद बघत होता.

"साहेब, आज पूल पावणेतीननंतर उचलू."

"का?"

"जरा थांबू साहेब."

"अहो, का ते सांगा ना. चारला पूल उघडायचाय. कारण सांगा, मी वहीत लिहितो. काय लिहू?"

जॅकवाला काय सांगणार? दिसत नाही अशी बस येते, लिहा म्हणणार? 

"लिहायला काही नाही," तो शेवटी म्हणाला.

"मग उचला," साहेब म्हणाला, आणि घड्याळ बघितलं.

दोन वाजून पाच मिनिटांनी पूल उचलला. बारा मिलिमीटर. प्रत्येक जॅकला गळ्याशी एक मोठा नट असतो, लॉकनट म्हणतात. पूल उचलला की तो नट खाली घट्ट फिरवून टाकायचा. मग तेल गळो, पंप बंद पडो, पूल नटावर उभा राहतो, एक केसभर खाली येत नाही. हा नियम आहे. पूल उचल, नट आवळ, मगच हात आत घाल. जॅकवाल्यानं बावीस वर्षं तो पाळला होता.

त्या रात्री जुनी उशी काढल्यावर कळलं की नवी उशी जरा जाड आहे. पूल आणखी दोन मिलिमीटर उचलावा लागणार होता. उचलायला म्हणून नट सोडले होते; हात घालण्याआधी आवळले असते तर पुन्हा आठच्या आठ सोडावे लागले असते. त्यात दहा मिनिटं जाणार. आणि पावणेतीन जवळ येत होते. जॅकवाल्याला वाटलं, आत्ता पटकन उचलू, पटकन उशी घालू, आणि त्या वेळेच्या आत हात बाहेर. म्हणजे बघा, ज्याची भीती होती त्यातूनच सुटायला म्हणून त्यानं नट मोकळे ठेवले.

"नुसतं जॅकवर हात घालायचा?" मेहुण्यानं विचारलं.

"मी धरून आहे. गंजाचा पापुद्रा आत राहिलाय तेवढा खरवडून काढ. दोन मिनिटं."

"दाजी, तुमची दोन मिनिटं म्हणजे ताईच्या बाजारासारखी."

मेहुणा मचाणावर पालथा झाला. पूल आणि खांब यांच्यामध्ये जेमतेम तीन बोटांची फट. त्यानं हात आत घातला. मनगट. कोपर. कोपर आत जायला जरा त्रास झाला, तिरकं करून घातलं. मग दंड. गाल काँक्रीटला टेकला. आतून खरवडल्याचा आवाज यायला लागला. जॅकवाला काट्याकडे बघत बसला. नवं गेज. काच अजून चकचकीत.

दोन अडतीस.

"झालं का?"

"थोडं राहिलं."

दोन चाळीस.

"काढ हात."

"एवढा कोपरा..."

"हात काढ म्हटलं ना!"

काटा हलला.

काटा चढत होता. हळूहळू. रोजच्यासारखा. मुकादम मागे उभा होता, त्यानं जॅकवाल्याच्या खांद्यावर हात ठेवला. म्हणजे, जाईल. रोज जाते तशी जाईल. काटा चढला. वरचं वजन पट्टीशी आलं. आता उतरायला हवा.

उतरला नाही.

थांबला. तिथेच.

वरची चाकं वाजली नाहीत. खट् झालंच नाही. काटा लाल रेघेवर अडकून राहिला आणि पंपाच्या सेफ्टी वॉल्व्हमधून तेल सुटायला लागलं. चर्र... असं. पूल उचलला किती ते दाखवणारं दुसरं एक माप खांबाला लावलेलं असतं. ते बारा दाखवत होतं.

अकरा.

"नट!" जॅकवाला ओरडला. दोघंतिघं नटांवर तुटून पडले. नट फिरेचनात. वजनानं जॅक किंचित कलले होते आणि आटे धरून बसले होते. पान्यावर एक जण उभा राहिला तरी नाही.

दहा.

"दाजी..." मेहुणा म्हणाला. ओरडला नाही. हळू म्हणाला. "कोपर निघत नाही."

जॅकवाल्यानं पंपाचा दांडा मारला. जितकं तेल आत जाई तितकं वॉल्व्हमधून परत येई. वर जे काही होतं ते हलत नव्हतं. आणि हा पंप बारा टन जास्तीचं वजन उचलायला नव्हताच.

साडेनऊ.

"दाजी, हाड लागतंय."

मुकादमानं दांडा जॅकवाल्याच्या हातातून काढून घेतला. "तू वर जा," तो म्हणाला. "ती थांबलीय. बघ का थांबलीय."

खोलीत मेणबत्ती अर्ध्यावर आली होती. पुतण्या पुढे सरकून बसला होता. सुनेनं लेकीला खांद्यावरून मांडीवर घेतलं, आणि पुन्हा खांद्यावर.

जॅकवाला शिडी चढला. चढताना एक पायरी चुकली, नडगी फुटली, त्याला कळलंसुद्धा नाही. वर आला.

पूल रिकामा होता.

टोकापर्यंत रिकामा. वर चांदणं, खाली पाणी. पट्टीजवळ लाल दिवा. दुसरं काही नाही. तो दिव्याशी गेला. थंडी कडाक्याची होती, तोंडातून वाफ निघत होती. दिव्याच्या अलीकडे दोन पावलं टाकली आणि...

हवा कोमट होती.

चालू इंजिनासमोर उभं राहिलं की पोटाला जी ऊब लागते ना, ती. त्यानं हात पुढे केला. ऊब. बाजूला केला. थंडी. पुन्हा पुढे. ऊब.

तेव्हा त्याला कळलं.

लाल दिवा. रस्त्याच्या मधोमध लाल दिवा होता. कुठलाही चांगला ड्रायव्हर काय करेल?

"थांबेल," पुतणी हळूच म्हणाली. मग एकदम तिनं विचारलं, "काका, तो दिवा मुकादमानंच ठेवला होता ना?"

"हं."

"आणि मुकादम कोण होता?"

काकांनी मेणबत्ती उगाच सरळ केली. ती सरळच होती.

"ऐकायचंय की नाही?" ते म्हणाले.

जॅकवाल्यानं दिवा उचलला. विझवला. कठड्याकडे नेऊन ठेवला. खिशातला टॉर्च काढून हलवला, रस्त्यावर गाडी सोडतात तसा. "चला... येऊ द्या." पुन्हा म्हणाला, "येऊ द्या."

काही नाही.

ऊब तिथेच.

खालून आवाज आला. मेहुण्याचा. आता तो ओरडला. शब्द नव्हते त्यात.

जॅकवाला त्या रिकाम्या रस्त्यासमोर उभा राहिला आणि हात जोडले. "माझा माणूस आहे हो खाली. पुढे चला. पाया पडतो."

काही नाही.

मग त्यानं विचार केला. म्हणजे विचार म्हणता येणार नाही, जे सुचलं ते. धुक्यात, तुटक्या रस्त्यावर, अनोळखी जागी ड्रायव्हर पुढे कधी निघतो? नुसत्या दिव्याच्या इशाऱ्यावर नाही निघत. एकदा जो कठडा तोडून खाली गेला तो तर नाहीच. पुढे माणूस चालला तर निघतो. त्या माणसाच्या पावलांवर पावलं टाकत.

त्यासाठी पाठ फिरवावी लागणार होती.

जॅकवाल्यानं पाठ फिरवली.

टॉर्चचा उजेड खाली, रस्त्याच्या बरोबर मध्ये टाकला. एक पाऊल टाकलं. दुसरं. तिसरं. मानेवर ऊब आली.

खट्.

मागे. अगदी मागे.

चालत राहिला. पळायचं नाही. पळाला तर तीही पळेल. हळू. सात पावलं. आठ. नऊ.

खट्.

मागची चाकं आली. आता सगळी बस तिसऱ्या खांबाच्या पुढे. त्याला खालचा काटा दिसत नव्हता. खाली काय झालं, सुटला की नाही, काही माहीत नाही. थांबावं, कठड्यावरून वाकून विचारावं असं वाटलं. पण थांबला तर ती थांबेल. चालत राहिला.

डाव्या हाताला कठड्याचा नवा तुकडा आला.

आणि मानेवरची ऊब सरकली. डावीकडे. हळूहळू, डाव्या कानाकडे. कठड्याकडे.

"उजवीकडे," तो म्हणाला. मागे बघितलं नाही. "उजवीकडे घ्या... आणखी... घाई नाही... मी आहे पुढे."

ऊब कानाशी थांबली. तिथेच थरथरत राहिली.

"रस्ता आहे," तो म्हणाला. "पुढे रस्ता आहे. या."

ऊब मानेवर परत आली.

नवा तुकडा मागे पडला. चौथ्या खांबाची पट्टी. खट्. खट्. पाचवा. सहावा. तो काय बोलत होता ते त्याला नंतर आठवलं नाही. लहान मूल अंधारात बाहेर जायला घाबरलं की आपण बोलतो ना काहीबाही, तसलं काहीतरी बोलत होता. पुलाचं टोक आलं. अडथळा आला. तो कडेला झाला.

आणि एकदम थंडी.

मागे वळून बघितलं. पूल. चांदणं. दुसऱ्या टोकाला वॉचमनची शेकोटी.

तिथून तो पळाला. सगळा पूल पळत परत आला, शिडी उतरला. मेहुणा मचाणावर बसला होता. हात मांडीवर घेऊन. कोपराची कातडी सोलून निघालेली, रक्तानं बाही भरलेली. पण बोटं हलत होती. मुकादम त्याला सारखा म्हणत होता, "हलव. पुन्हा हलव."

"काटा हळूहळू उतरला," मुकादम म्हणाला. "मग पंपानं धरलं. मग सुटला."

जॅकवाल्यानं मेहुण्याचं डोकं छातीशी धरलं. मेहुणा म्हणाला, "दाजी, तुमची दोन मिनिटं..." आणि रडायला लागला.

मग त्यांनी नट आवळले. आठच्या आठ. एकेक नट तिघांनी तपासला. नव्या उशा बसल्या, पूल खाली आला, चारला दहा मिनिटं कमी असताना काम संपलं. घड्याळसाहेब वर गाडीत झोपला होता. उठला, घड्याळ बघितलं, म्हणाला, "बघा, उगाच घाबरत होतात."

मेहुण्याचा हात महिन्याभरात बरा झाला. आता तो त्याच हातानं पोरीला खांद्यावर घेऊन फिरतो.

काका पुन्हा भिंतीला टेकले.

"संपली?" पुतण्यानं विचारलं. त्याचा आवाज जरा चिरका निघाला.

"एक राहिलं," काका म्हणाले. "मला सांगावं की नाही कळत नाही."

बाहेर कुणाच्या तरी घरचं दार वाजलं.

पलीकडच्या टोकाला पूल संपतो तिथे रस्ता खचला होता. दुसऱ्या एका टोळीनं त्याच रात्री अकराला तिथे अर्ध्या रस्त्याला नवं काँक्रीट ओतलं होतं, अडथळ्याच्या पलीकडे. आमच्या लोकांना... म्हणजे या लोकांना ते माहीत नव्हतं. पहाटे चारला जॅकवाला आणि मुकादम टॉर्च घेऊन तिकडचे अडथळे उचलायला गेले. काँक्रीट तोवर आवळलं होतं. गुळगुळीत असायला हवं होतं.

पावलं होती.

पुष्कळ पावलं. चपला. बूट. एक-दोन अनवाणी. सगळी पुलाकडून गावाकडे. परत येणारं एकही नाही. बसमधून गर्दीनं उतरून माणसं घाईनं घरी निघतात तशी. अडथळ्याच्या अलीकडे काही नाही. अडथळ्यापासून सुरू.

"टोळीतली माणसं असतील," पुतण्या म्हणाला.

"टोळी साडेअकराला गेली होती. आणि टोळीत बाया नव्हत्या." काकांनी बोटानं चटईवर एक आडवी रेघ काढली. "एका बाजूला एक बाईचं पाऊल होतं. चप्पल एकाच पायात. दुसरा पाय अनवाणी. टाच खोल रुतलेली, काहीतरी जड घेऊन चालल्यासारखी. आणि तिच्या शेजारी एक लहान पाऊल. एवढं." त्यांनी दोन बोटं धरून दाखवली. "पण ते पहिल्यापासून नव्हतं. पाच-सहा पावलं बाईची एकटीची. मग मधूनच ते लहान सुरू होतं."

"मधूनच कसं?" पुतणीनं विचारलं. "आधी कुठे होतं मग?"

काकांनी दाराकडे बघितलं.

दाराजवळून सुनेचा आवाज आला. लेक तिच्या खांद्यावर केव्हाच झोपली होती, तरी ती थोपटत होती.

"कडेवर होतं," ती म्हणाली. "तिथे खाली उतरवलं तिनं."

काकांनी मान हलवली.

"ते काँक्रीट फोडायचं ठरलं होतं," ते म्हणाले. "कुणी फोडलं नाही. अजून तसंच आहे. बारा फूट पावलं दिसतात... मग डांबर सुरू होतं."